ड्रॅगनचा नेपाळी आचारी

भुजंगनं परभणीत स्टेशन रोडला 'ड्रॅगन' नावाचं चायनीज हॉटेल टाकलं, तेव्हा नवऱ्याचं डोकं फिरलंय असंच मनकर्णाला वाटलं होतं. पण वर्षाच्या आत तिथं बसायला जागा मिळेना. मोंढ्यातले व्यापारी, कृषी विद्यापीठातले प्राध्यापक, जीपमधून येणारे बागायतदार असे सगळे लाल कंदिलांखाली बसून नूडल्स खायचे. काट्यावर त्या टिकत नाहीत म्हणून काहीजण सरळ भाकरी मागून घ्यायचे. सगळ्यात जास्त उठायचा तो येलदरी धरणातला मासा. सोया सॉसमध्ये परतलेला, वरून लसणाची फोडणी आणि घरचं काळं तिखट. चीनमध्ये असलं काही कुणी खाल्लं नसेल, अन् मराठवाड्यातही नाही.

हा मासा सितारामच्या हातचा. सिताराम झरीच्या बौद्धवाड्यातला. पोरवयातच पुण्याला गेला अन् तिथल्या चायनीज हॉटेलात भांडी घासता घासता आचारी झाला. भुजंगही झरीचाच, पण पाटलांच्या भावकीतला. गिऱ्हाईक तुटू नये म्हणून त्यानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की आचारी नेपाळहून आणलाय. सितारामनं बाहेर यायचं नाही, आलाच तर बोलायचं नाही, असं ठरलं. मनकर्णाला ते खटकलं होतं. पण गल्ल्यावर बसून तीही लोकांना तेच सांगत राहिली.

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला मराठवाडा विद्यापीठाच्या नामविस्ताराची घोषणा झाली अन् शहराची तऱ्हाच बदलली. कुठं पेढे वाटले गेले, कुठं दुकानांची शटरं भरदुपारीच खाली आली. चौकाचौकात माणसं घोळक्यानं उभी राहायची अन् कुणी जवळ आलं की गप्प व्हायची.

अशाच एका संध्याकाळी भुजंगचे चुलते माणिकराव आले. सोबत त्यांच्या उठण्याबसण्यातला दत्तराव होता. त्यांच्याशिवाय हॉटेलात कुणीच नव्हतं. दोघांनी मासा मागवला, काटे बोटांनी निवडून चवीनं खाल्ला. मग दत्तराव हात पुसत म्हणाला, "भुजंगा, तुझा नेपाळी काल मोंढ्यात एका म्हातारीसंगं बोलायलाता. लय साफ मराठी."

भुजंगनं पाण्याचा जग टेबलावर ठेवला. "शिकला असल, काका."

"माय म्हनायलाता तिला," दत्तराव म्हणाला. "बोलव की त्याला. आमी बी ऐकतो."

मनकर्णा उठायच्या आत स्वयंपाकघराचा पडदा सरला. सिताराम हात पुसत समोर येऊन उभा राहिला.

"झरीचा हाय मी," तो म्हणाला. "धुरपताबाईचा ल्योक."

माणिकरावांनी समोरच्या ताटाकडं पाहिलं. ताटात फक्त काटे उरले होते. दत्तराव मोरीवर जाऊन बराच वेळ चुळा भरत राहिला. कुणी आवाज चढवला नाही. दोघं जीपमध्ये बसून निघून गेले, अन् भुजंग कितीतरी वेळ खुर्च्या उगाच सरळ करत राहिला.

दुसऱ्या दिवशी एकही गिऱ्हाईक फिरकलं नाही. समोरच्या पानटपरीवर मात्र अनोळखी माणसं सकाळपासून बसून होती. पान खायचं सोडून ती इकडंच बघत होती. दुपारी माणिकराव एकटेच आले. गल्ल्याजवळ उभे राहिले, बसले नाहीत.

"सूनबाई, आज लवकर बंद करा. अन् त्याला हितं झोपू देऊ नका."

"का, तात्या?"

"सांगितलं तेवढं कर."

ते गेले. भुजंगनं सितारामच्या हातात पिशवी दिली. "मनमाडची गाडी हाय. आत्ताच नीघ."

सिताराम जागचा हलला नाही. "माझी माय झरीत हाय, मालक. मी गेलो तर तिला धरतील."

भुजंग खाली बघू लागला. झरीत पाय ठेवायची त्याची हिंमत नव्हती. ते मनकर्णाला दिसलं, अन् तिला त्याचा राग येण्याऐवजी भीतीच वाटली. तिनं पदर खोचला. "बाईमाणसाला कोन अडवतंय? मी आनते."

ती रिक्षानं झरीला गेली. लग्न होऊन आल्यापासून बौद्धवाड्याची वाट तिनं नुसती लांबून पाहिली होती. आज पाटलाची सून तिथं उतरली तेव्हा बाया दारं ओढून घेऊ लागल्या. धुरपताबाई ओट्यावर तूर पाखडत होती.

"आजी, उठा. सितारामनं बोलावलंय."

म्हातारीनं तिच्या तोंडाकडं निरखून पाहिलं अन् काही न विचारता सूप खाली ठेवलं. वेशीत चार-पाच जण उभे होते. एकानं रिक्षात वाकून पाहिलं. मनकर्णानं त्याच्यावरची नजर काढली नाही. तो बाजूला झाला.

दिवस मावळायच्या आत मायलेक मनमाडच्या गाडीत बसले. सिताराम खिडकीतून म्हणाला, "वहिनी, माशाला तिखट शेवटी घालायचं. आधी घातलं तर करपतं." गाडी हलली.

सकाळी भुजंग अन् मनकर्णा हॉटेलवर आले तेव्हा शटर वाकलेलं होतं. आत सगळं जळून काळं पडलं होतं. ओल्या राखेचा अन् रॉकेलचा वास कोंडला होता. आतली सितारामची खाट जळून नुसती चौकट उरली होती.

थोड्या वेळानं माणिकराव आले. "लय वाईट झालं," म्हणून भुजंगच्या खांद्यावर हात ठेवला.

मनकर्णा पुढं आली. "कोन होते, तात्या?"

"मला काय ठाऊक, सूनबाई?"

"काल दुपारी तर ठाऊक होतं."

माणिकरावांनी हात काढून घेतला. रस्त्यावरच्या लोकांकडं बघत ते तसेच उभे राहिले. भुजंगनं बायकोला गप्प राहायची खूण केली. ती गप्प राहिली, पण त्यांच्यासमोरून हलली नाही.