कुणालाही न दिलेलं स्टिअरिंग

"जेट फुंकलंस?"

"फुंकलं."

"जोरात फुंक. मेणबत्ती विझवायची नाहीये."

शालनने कार्ब्युरेटरचा तो पितळी खिळ्याएवढा तुकडा परत ओठांत धरला आणि गाल दुखेपर्यंत फुंकला. जिभेला पेट्रोलची चव आली. जीभ पदराला पुसत तिने जेट उजेडात धरून पाहिलं. भोक स्वच्छ होतं. सकाळपासून स्वच्छच होतं. पण सांगून उपयोग नव्हता, कारण तिच्या नवऱ्याच्या, सीतारामच्या मते बाईमाणसाला स्वच्छ काय ते दिसत नाही.

तो जुन्या फियाटच्या ड्रायव्हरच्या सीटवर बसून हुकूम सोडत होता. गेल्या वर्षी त्याची डावी बाजू गेली. हात लोंबतो, पाय ओढावा लागतो, जीभ मात्र देवाच्या कृपेने शाबूत राहिली. देव मानत नाहीत दोघंही, पण ही कृपा कुणाची तरी असणारच, असं शालनला रोज वाटायचं.

आंबिवलीच्या त्यांच्या सोसायटीत आवारात फरशा बसवायचं काम निघालं होतं. सेक्रेटरी सुधीरने आठ दिवस आधी येऊन सांगितलं होतं, "काका, चालती गाडी असेल तर ठेवा, बंद असेल तर काढा. कमिटीत ठरलंय. रविवारी सगळ्यांसमोर गेटपर्यंत जाऊन येऊ दे, मग मी कोणाला बोलू देणार नाही." आज रविवार होता. भंगाराचा टेम्पो गेटबाहेर येऊन थांबलाही होता.

गाडी गेली तर हा माणूस भिंतीकडे तोंड करून झोपेल आणि उठणार नाही, ही शालनची खरी भीती होती. रोज सकाळी काठी टेकत तो खाली येतो ते फियाट पुसायला. वागळे इस्टेटच्या कारखान्यात असताना घेतलेली, वस्तीतली पहिली गाडी. तिने नागपूरची दीक्षाभूमी पाहिली, शालनच्या दोन्ही नणंदांची लग्नं पाहिली. म्हणून तर शालन प्लग काढून घासत होती, पॉइंटला पॉलिश पेपर मारत होती, नखं काळी करून घेत होती.

"ठिणगी निळी आहे," ती म्हणाली. "मी बघितली."

"ठिणगीला काय चाटायचंय? पेट्रोल नको पोचायला? लाव ते झाकण."

तिने कार्ब्युरेटर बसवला, वरून दोन झाकणं पेट्रोल ओतलं. सीतारामने चोक ओढला, किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, धडधडलं, सुरू झालं. हे सकाळपासून तिसऱ्यांदा होत होतं. थोडा वेळ चाललं, मग आवाज पातळ झाला आणि इंजिन बंद पडलं.

"तो शहाडचा मेकॅनिक, हरामखोर!" सीतारामने उजव्या हाताने डॅशबोर्डवर बुक्की मारली. "डुप्लिकेट पंप टाकलाय त्याने. सगळे साले लुटायला बसलेत. तू काल टाकी फुल्ल केलीस ना? खोटं नको बोलूस."

"काठोकाठ भरली. रिक्षाने कॅन वाहून आणलेत, कंबर मोडली माझी."

"मग पेट्रोल जातं कुठे?"

शालनने पंपाकडून येणारी नळी काढून खाली बाटली धरली आणि त्याला किल्ली मारायला सांगितलं. धार यायला हवी होती. चार थेंब आले. म्हणजे पंप ओढत होता, पण टाकी सोडत नव्हती. हे तिच्या मनात येताच ती पान्यासकट मागे गेली आणि टाकीचं झाकण फिरवलं. सहज निघणारं झाकण आज चिकटून बसलं होतं. जोर लावल्यावर ते सुटलं, तेव्हा टाकीने हवा आत ओढल्याचा स्पष्ट आवाज आला.

झाकणाखाली प्लास्टिक होतं. दुधाच्या पिशवीचं, चौपदरी घडी घातलेलं. तिनेच घातलेलं. पावसाळ्यात टाकीत पाणी जायला नको म्हणून, लोणच्याच्या बरणीला घालतो तसं घट्ट बसवलं होतं, आणि काल पेट्रोल भरल्यावर परत नीट लावलं होतं. इतकं नीट, की झाकणाचं बारीक भोक पार बुजलं होतं.

लपवता आलं असतं. तिने लपवलं नाही. प्लास्टिक नेऊन त्याच्यासमोर धरलं.

"अगं, लोणचं आहे का ते?" सीताराम ओरडला. वरच्या दोन खिडक्या उघडल्या. "हवा आत गेल्याशिवाय पेट्रोल बाहेर कसं येणार? भोक कशाला ठेवलंय त्या झाकणाला? तीस वर्षं पाने देतेस मला, एवढी अक्कल नाही?"

"पानेच दिलेत," शालन म्हणाली. "तुम्ही कधी काय सांगितलंत? दे म्हटलं की द्यायचं, धर म्हटलं की धरायचं. भोक कशाला असतं ते स्वप्नात येणार होतं मला?"

तिने नळी परत जोडली. त्याने गुरगुरत किल्ली फिरवली. या वेळी इंजिन लागलं ते लागलंच. चोक आत ढकलला तरी थांबलं नाही. सुधीर जिना उतरून आला, टेम्पोवाला विडी टाकून आत आला.  शालनला त्या क्षणी नवऱ्यावरचा रागसुद्धा आठवेना.

मग सीतारामने उजव्या हाताने डावा पाय उचलून क्लचवर ठेवला.

पाय दाबला गेला, पण सोडताना त्याला ताबा राहिला नाही. गाडीने उडी मारली आणि बंद पडली. परत सुरू केली, परत उडी. तिसऱ्यांदा ती सुधीरच्या स्कूटरला लागता लागता राहिली. त्यानंतर किल्ली फिरवली की नुसतं टकटक वाजायला लागलं. बॅटरी बसली होती.

"धक्का मारून चालू करू ना," टेम्पोवाला म्हणाला. "मी चालवतो काका. गेटपर्यंतच जायचंय."

"हात नाही लावायचा."

"काका, कोणीही चालवा," सुधीर म्हणाला. "मला फक्त फिरलेली दिसू दे. मी बोलतो कमिटीशी."

"माझ्या गाडीवर दुसरा बसणार नाही. आजपर्यंत बसला नाही."

"दुसरा म्हणजे मीपण ना?" शालनने विचारलं.

ती पाना हातात घेऊनच ड्रायव्हरच्या खिडकीपाशी आली.

"आपल्या पायलला ताप चढला होता, डोळे फिरवत होती पोर. तुम्ही कामावर. गाडी दारात. मी तिला उचलून शहाडच्या दवाखान्यापर्यंत पळत गेलेली, पायात चप्पल नव्हती. त्यानंतर म्हटलं, मला शिकवा. काय म्हणालात? क्लच जाळशील. क्लचची काळजी होती तुम्हाला." तिचा आवाज चिरकला, पण ती थांबली नाही. "आज मला येत असतं तर ही गाडी भंगारात गेली नसती. बंद पडली म्हणून नाही जात ती. तुमच्यामुळे जातेय."

सीतारामचा उजवा हात स्टिअरिंगवरून खाली आला.  

शालन टेम्पोवाल्याकडे वळली. "घेऊन जा."

सुधीरने "काकू, जरा विचार करा" म्हणून पाहिलं. तिने मान हलवली. सीतारामला उतरवायला मात्र तीच गेली. काखेत हात घालून तिने त्याला उभं केलं, काठी दिली. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही, पण खांदा तिच्यावर टाकला.

टेम्पोवाल्याने टेम्पो आत घेऊन त्याला दोन फळ्या लावल्या, गाडीच्या पुढच्या बाजूला वायरचा दोर अडकवला आणि कप्पीपाशी जाऊन उभा राहिला. "स्टिअरिंग सरळ धरायला कोणीतरी आत बसा. वाकडी गेली तर फळीवरून पडेल."

सुधीर पुढे झाला. सीतारामने काठी आडवी धरली.

"तिला बसू दे," तो म्हणाला.

 शालनला हसावं की ती काठी त्याच्या डोक्यात घालावी, कळेना. मग साडी सावरून ती आत बसली. सीट त्याच्या मापाची होती, तिचे पाय खाली पोचत नव्हते. दोर ताणला गेला आणि गाडी हलली.

"दोन्ही हातांनी धर," सीताराम बाजूने पाय ओढत चालत होता. "घट्ट नको. डावीकडे ओढेल ती, जरा उजवीकडे दाब. समोर बघ, चाकाकडे नको बघूस. आता सोड थोडं. थोडंच."

"गप्प बसा आता," शालन म्हणाली.

तो गप्प बसला. गाडी दोन्ही फळ्यांच्या मधोमध, सरळ वर चढत गेली.