आर्लिसची फळी

कर्टने काळं झालेलं बोट माझ्या नाकासमोर धरलं. "वास घे," तो म्हणाला.

"मला नको. काय झालंय ते सांग."

"हे इंजिनातलं तेल. तेल कसलं, डांबर झालंय. इंजिन आतून पार जाम आहे, लॉर्ना. जा, सांग जाऊन सरांना. मी नाही सांगणार बाबा. मी ट्रम्पेट वाजवायचो त्यांच्याकडे."

"आणि मी काय त्यांच्याकडे पोहायला जायचे?"

"तुला पगार त्याचाच मिळतो," कर्ट म्हणाला आणि पुन्हा गाडीखाली गेला.

खरं होतं ते. बावीस वर्षं मी या गॅरेजच्या काउंटरवर उभी आहे. मेकॅनिक गाडी उघडतो आणि मी माणसाला सांगते. लोक माझ्यावर ओरडतात, कधी कधी रडतात, एकाने तर कॉफीचा कप फेकून मारला होता. कुणी काहीही केलं तरी मी जेवायच्या वेळी जेवते. पण नीगार्ड सरांचं नाव कागदावर पाहिलं तेव्हापासून मी डबा उघडला नव्हता.

आमच्या गावातल्या चाळिशीच्या पुढच्या निम्म्या लोकांना एल्डन नीगार्डनी शाळेत वाद्य वाजवायला शिकवलंय. मी क्लॅरिनेट वाजवायचे, म्हणजे वाजवल्यासारखं करायचे. सरांकडे दर सोमवारी सरावाचं कार्ड द्यावं लागे: रोज किती मिनिटं वाजवलं ते लिहायचं आणि खाली आई नाहीतर वडिलांची सही घ्यायची. सहावीत असताना एका सोमवारी मी बसमध्येच सगळं कार्ड भरलं. सातही दिवस अर्धा-अर्धा तास, आणि खाली आईची सही मीच ठोकून दिली. आई रात्रपाळीला असायची, घरात कुणी विचारणारं नव्हतं. सरांनी कार्ड हातात घेतलं, चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, "आईचं अक्षर या आठवड्यात फारच सुधारलंय." वर्गात कुणाला काही कळलं नाही. तास संपल्यावर त्यांनी मला कोरं कार्ड दिलं. "वाजवलं असशील तेवढंच लिही. शून्य असेल तर शून्य लिही. त्याच्यावरही आईची सही आण म्हणजे झालं."

ते सर आता आमच्या बाकावर बसले होते. आजूबाजूला भगवी जाकिटं घातलेली माणसं हरणांच्या शिकारीच्या गप्पा मारत होती, आणि सर मधोमध, टोपी गुडघ्यावर ठेवून. चर्चमध्ये ऑर्गनचा सराव करून परतताना गाडी रस्त्यातच खडखडून बंद पडली होती. ओढून आणणाऱ्या ट्रकमध्ये बसूनच ते आले होते.

"कॉफी आणू का, सर?"

"आधी बातमी दे. तुमची कॉफी वाईट असते हे मला माहीत आहे."

मी त्यांच्या शेजारी बसले. एरवी मी गिऱ्हाइकाशेजारी बसत नाही. "इंजिन गेलं, सर. दुरुस्त होण्यासारखं नाही, बदलावंच लागेल."

"वॉरंटी?"

"साठ हजार मैलांपर्यंत होती. तुमचे अडुसष्ट हजार चारशे झालेत."

"आणि नवीन इंजिन?"

"गाडीच्या किमतीपेक्षा महाग पडेल."

ते हसले. त्यांच्याजवळचं काय होतं नव्हतं ते त्यांच्या बायकोच्या, आर्लिसबाईंच्या आजारपणात गेलं, हे गावाला माहीत होतं. दीड वर्षापूर्वी, एप्रिलमध्ये त्या गेल्या.

"कॅरिनशी माझं ठरलंय," ते म्हणाले. कॅरिन म्हणजे त्यांची मुलगी, फिनिक्सला असते. "गाडी चालते तोवर मी इथे. गाडी बंद पडली की सामान बांधायचं आणि तिच्याकडे जायचं. तिचंही चुकत नाही गं. गावापासून चौदा मैल, शेजारी म्हणून एक डुएन, हिवाळ्यात तो तरी कुठे दिसतो. मला वाटलं होतं, मी आधी जाईन, मग गाडी."

"आणि चर्चमधला ऑर्गन कोण वाजवणार?"

"अकरा माणसं येतात. त्यात मी धरून." त्यांनी टोपी उलटी केली, सुलटी केली. "मला त्या घरातून जायचं नाहीये, लॉर्ना."

सरळ इतकंच म्हणाले. मी सहावीत होते तेव्हापासून हा माणूस मला काही मागताना दिसला नव्हता.

"एक वाट आहे," मी म्हणाले. "मुदत नुकतीच संपली असेल तर कंपनी कधी कधी मेहरबानी म्हणून इंजिन देते. मी अर्ज करते. पण तेल वेळच्या वेळी बदललं होतं हे दाखवावं लागतं. पावत्या आहेत?"

"पावत्या कुठल्या? आर्लिस घरीच बदलायची."

आर्लिसबाईंनी तीस वर्षं धान्याच्या कोठारावर पोती वाहून नेणाऱ्या पट्ट्यांच्या विजेच्या मोटारी दुरुस्त केल्या. त्यांनी दुसऱ्याला गाडीला हात लावू दिला असता तरच नवल.

"मग त्यांनी कुठेतरी लिहून ठेवलं असेल ना? काहीही चालेल. वही, कॅलेंडर."

"घरच्या गॅरेजमध्ये असेल," ते म्हणाले.

"मग घेऊन या उद्या."

"गॅरेजमध्ये," ते पुन्हा म्हणाले.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गेल्या हिवाळ्यात मी त्यांच्या घरावरून दोन-तीनदा गेले होते. उणे तीस थंडीत गाडी बाहेर, बर्फाखाली, आणि इंजिन गोठू नये म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओढलेली विजेची भगवी वायर. गॅरेज वीस पावलांवर. गावात म्हणायचे, आत आर्लिसच्या सामानाची अडगळ असेल. मीही तसंच म्हणायचे. अडगळ नव्हती. आर्लिसबाई गेल्यापासून सरांनी ते दार उघडलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी डुएनचा पिकअप ट्रक काउंटरसमोरच्या काचेबाहेर येऊन थांबला. सर उतरले आणि डुएनच्या मदतीने त्यांनी गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक आत आणलं. मला वाटलं, कीबोर्ड आहे. काउंटरवर ठेवून त्यांनी गोधडी सोडली. आत चार फूट लांबीची प्लायवुडची फळी होती.

"तू म्हणालीस, लिहिलेलं घेऊन या," सर म्हणाले. "ती भिंतीवरच लिहायची."

"फोटो चालला असता, सर."

"फोटो?" त्यांना ते सुचलंच नव्हतं. त्यांनी खिशातून एक पाकीट काढलं, त्यात चार स्क्रू वाजले. ते त्यांनी माझ्या पेनांच्या डब्याशी नीट ठेवलं. "हे सांभाळ. परत लावायला लागतील."

"निम्मा दिवस स्क्रू काढत होते," डुएन म्हणाला. "मी म्हटलं, द्या मी काढतो, तर हात लावू देतील तर शपथ." मग त्याने आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि ट्रकमध्ये जाऊन बसला.

फळीवर पेन्सिलीने ओळीच ओळी होत्या. तारीख, मैल, तेल, फिल्टर. मागच्या तीन गाड्यांचाही सगळा हिशेब. दर पाच हजार मैलांना एक ओळ, कधी आठवड्याचाही उशीर नाही. मी मनात म्हटलं, अशी नोंद आमच्या गॅरेजातही कुणी ठेवत नाही. माझं बोट ओळीओळीने खाली येत गेलं आणि शेवटच्या ओळीवर थांबलं.

जानेवारी, गेल्या वर्षीचा. एक्कावन्न हजार दोनशे मैल. अक्षर वेडंवाकडं झालेलं. त्याखाली लिहिलं होतं: "पुढचं छप्पन्न हजारांना. एल्डन, दिवा लागायची वाट बघू नकोस."

त्यापुढे काही नव्हतं.

"त्या दिवशी मीच टॉर्च धरून उभा होतो," सर म्हणाले. "ती गाडीखाली होती. उठताना तिला दोनदा टेकावं लागलं. मग म्हणाली, जा, कॉफी ठेव, मी आलेच. तेव्हा लिहिलं असणार. मी काल वाचलं."

"सर..."

"डॅशबोर्डवरचा तेलाचा दिवा लागला होता, लॉर्ना. गेल्या उन्हाळ्यातच लागला. दिसला की मनात यायचं, आर्लिसला सांगायला हवं. सवयीने गं. मग आठवायचं. मग मला त्या दिव्याकडे बघवायचं नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "सतरा हजार मैल."

मला रडू आलं असतं, पण काउंटरवर रडायचं नाही हा माझा नियम आहे. मी माझा घटस्फोटसुद्धा या काउंटरवर कोरड्या डोळ्यांनी पार पाडलाय. घरी गेल्यावर मी ओट्याशी उभ्यानेच जेवते, ताट घेऊन बसावं असं समोर कुणी नाही. त्या फळीवरचं अक्षर बघताना मला आर्लिसबाईंचा हेवा वाटला आणि सरांचाही. माझ्यासाठी कुणी कधी असं काही लिहून ठेवलेलं नाही.

मग मी बावीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं. डब्यातून पेन्सिल काढली आणि फळीवर ठेवली.

"सर, तीन ओळी राहून गेल्यात," मी हळू आवाजात म्हणाले. "छप्पन्न हजार. एकसष्ट. सहासष्ट. माणूस लिहायला विसरतो कधी कधी. मी कॉफी आणायला जाते. मी आले की फोटो काढीन आणि अर्ज पाठवीन. कर्ट तेलाबद्दल काही बोलणार नाही, मी बघते त्याच्याकडे."

मी खरंच कॉफी आणायला गेले आणि मुद्दाम वेळ लावला. त्या मशीनसमोर उभी राहून मी मनातल्या मनात म्हणत होते, लिहा सर, लिहा. तीनच ओळी आहेत. कुणाचं काय जातंय? ते घर, तो ऑर्गन, ती अकरा माणसं, सगळं तीन ओळींवर होतं.

परत आले तेव्हा पेन्सिल जागची हललेली नव्हती.

"एकाच पेन्सिलीने, एका दमात लिहिलेलं ओळखू येतं," सर म्हणाले. "तुला माहीत आहे."

माझे कान तापले. छप्पन्न वर्षांची बाई मी, पण क्षणभर सहावीतली झाले. "तेव्हा तुम्ही मला पकडलं होतं. इथे कोण पकडणार आहे?"

"हिचं अक्षर आहे वर," ते म्हणाले. "तिच्या खाली मी खोटं कसं लिहू?"

"मग दुसरी गाडी बघू. जुनी, स्वस्तातली. कर्टने काल भंगारवाल्यांकडेही इंजिन विचारलं, मिळालं नाही. पण गाडी मिळेल. मी शोधते."

"दुसऱ्या गाडीचंही मी हेच करीन गं," ते म्हणाले. त्यात चिडचिड नव्हती, रडगाणंही नव्हतं. "काल ते दार उघडलं आणि कळलं. तिचं घर मी सांभाळतोय असं मला वाटत होतं. मी नुसता बाहेर उभा होतो."

त्यांनी पेन्सिल उचलली. आर्लिसबाईंच्या ओळीखाली आजची तारीख घातली. त्यापुढे अडुसष्ट हजार चारशे. तेल आणि फिल्टर यांच्या जागी त्यांनी एक शून्य काढलं, मोठं, गोल, टोकं नीट जुळवलेलं. आणि कोपऱ्यात सही केली.

मग म्हणाले, "गाडीच्या डिकीत माझे बूट आहेत. ऑर्गनच्या पायपट्ट्या वाजवायचे. तेवढे आणून देशील?"

मी मागे गेले. कर्ट गाडीजवळच उभा होता. त्याने काही न विचारता डिकी उघडली. पातळ तळव्याचे काळे बूट होते, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. टाचा झिजून गेल्या होत्या. कर्टने ते हातात घेतले, बाहीने पुसले आणि मला दिले.

सर बूट काखेत धरून, डुएनला हाक मारून फळीचं एक टोक त्याच्या हातात देऊन बाहेर पडले. फळी त्यांनी मागे टाकू दिली नाही. पुढच्या सीटवर बसून ती तिरकी करून मांडीवर घेतली. मी अर्जाचा कागद फाडत होते तेव्हा पेनांच्या डब्याशी पाकीट दिसलं. मी तशीच, जाकीट न घालता बाहेर धावले आणि काचेवर थाप मारली.

"सर! तुमचे स्क्रू!"

त्यांनी काच खाली केली. पाकिटाकडे बघितलं, घ्यायला हात पुढे केला आणि मग तो हात पुन्हा फळीवर ठेवला.

"राहू दे तुझ्याकडे," ते म्हणाले. "कॅरिनच्या इमारतीत भिंतीला भोकं पाडू देत नाहीत."

डुएनने गाडी मागे घेतली. आत फोन वाजत होता. पाकीट मुठीत धरून मी तिथेच उभी राहिले, ट्रक धान्याच्या कोठारापाशी वळेपर्यंत.