मैनेचा अर्ज

जव्हार संस्थान मुंबई राज्यात गेलं त्याला वर्ष होत आलं होतं. दरबारचे काही नोकर सरकारी नोकर झाले, काही घरी बसले. पुंजा बागेत माळी होता तो माळीच राहिला. झाडांना पाणी कुठल्याही राज्यात लागतंच.

पुंजाच्या घरी मैना नावाची कुत्री होती. गावातल्या कुत्र्यांसारखी ती नव्हती. अंगाने बसकी, रंगाने तपकिरी, कान इतके लांब की पाणी पिताना ते आधी भिजायचे. दरबारच्या डॉक्टरसाहेबांची ही कुत्री. साहेबांच्या स्वयंपाकघरात पुंजाची बायको काशी कामाला होती. संस्थान जायचं ठरलं तसे साहेबही निघाले, आणि कुत्री काशीला देऊन गेले. सोबत कुत्रीच्या सात पिढ्यांचा इंग्रजी कागद दिला. काशी हुशार बाई. उद्या कुणी म्हणायला नको की माळणीने साहेबांचं कुत्रं चोरलं, म्हणून तिने त्याच कागदाच्या मागे "ही कुत्री काशी कोम पुंजा हिला दिली" असं लिहून घेतलं आणि वर दरबारचा शिक्का मारून घेतला. कागदावर कुत्रीचं नाव तीन शब्दांचं होतं. त्या नावाने हाक मारली तर ती मान वळवत नसे. मैना म्हटलं की धावत येई.

गेल्या वर्षी श्रावणात काशी हिवतापाने आठ दिवसांत गेली. मूलबाळ नव्हतं. घरात पुंजा आणि मैना, दोघंच उरली.

काशीने मैनेला एक गोष्ट शिकवली होती. पुंजा सकाळी निघाला की मैना त्याची एक वहाण तोंडात धरून आणून देई. एकच. दुसरी शिकवायची राहून गेली. पुंजा रोज ती एक वहाण पायात घालून, दुसरी घ्यायला लंगडत जाई. आता दुसरी आपण शिकवावी असं त्याच्या मनात एक-दोनदा आलं, पण त्याने शिकवली नाही.

काशीची थोरली बहीण धोंडीबाई गावातली सुईण. अर्धं जव्हार तिच्या हातून जगात आलेलं, त्यामुळे कुणालाही काहीही बोलायला ती मोकळी होती. चैत्रात मैना माजावर आली तेव्हा ती दारात येऊन बसली.

"पावणं, काशीने मला शब्द दिला होता. मैनेचं पहिलं पिल्लू अक्काला. आता कधी?"

"बघू की, अक्का."

"काय बघता? मोखाड्यात जिवाभाऊंकडे हिच्याच जातीचा कुत्रा आहे. जंगलखात्यातला गोरा साहेब जाताना त्यांना देऊन गेला. मी निरोपसुद्धा धाडलाय. पोरगी आपली संस्थानची, मुलगा इंग्रजी मुलखातला. राज्यं एक झाली, आता ही दोघं काय अडवून धरता?"

शेजारी बसलेली माणसं हसली. पुंजाही हसला. पण त्याने मैनेला जवळ ओढून घेतलं.

डॉक्टरसाहेब एकदा बोलता बोलता म्हणाले होते, "या जातीला पहिल्या बाळंतपणी जड जातं. माझ्या आईकडची एक अशीच गेली." काशी तेव्हा चुलीशी होती, तिने ऐकलं की नाही कोण जाणे. पुंजाने ऐकलं होतं. तेव्हा दवाखान्यात डॉक्टर तरी होता. आता दवाखान्याला कुलूप होतं आणि नवा डॉक्टर येणार येणार म्हणत होते.

हे धोंडीबाईला सांगायचं तर तोंड उघडावं लागलं असतं. आणि ते कुठे जाऊन थांबलं असतं ते पुंजाला माहीत होतं. म्हणून त्याने दुसरंच काहीतरी काढलं.

"अक्का, कागदाचं काय?"

"कसला कागद?"

"मैनेचा. दवंडी नाही ऐकली? ज्याच्याकडे दरबारी शिक्क्याचा कागद असेल त्याने तो कचेरीत दाखवून कायम करून घ्यावा. हिच्या कागदावर शिक्का आहे. तो कायम झाल्याशिवाय पुढचं कसं करायचं? उद्या पिल्लांना कुणी विचारलं तर?"

धोंडीबाईने त्याच्याकडे नीट पाहिलं. "पिल्लांना कोण विचारणार आहे?"

"सरकार आहे, अक्का. काही सांगता येत नाही."

ती दवंडी जमिनींच्या आणि वतनांच्या कागदांची होती, हे पुंजालाही अंधुक कळत होतं. पण दवंडीत कुत्र्याचा कागद नको असंही कुणी म्हटलं नव्हतं.

कचेरीच्या ओसरीवर भिका अर्ज लिहून देत असे. त्याने आधी पोट धरून हसून घेतलं आणि मग मन लावून अर्ज लिहिला. "अर्जदाराकडील कुत्रीचा संस्थानी कागद नव्या सरकारात कायम समजावा किंवा कसे, व तो कायम होईपर्यंत सदर कुत्रीस संतती होऊ द्यावी किंवा कसे, याबाबत हुकूम व्हावा."

अर्ज आत गेला. आठ दिवसांनी विचारलं तर म्हणाले, पुढच्या आठवड्यात या. पुढच्या आठवड्यात म्हणाले, साहेब दौऱ्यावर आहेत. लोक कचेरीच्या नावाने बोटं मोडत होते. पुंजा मात्र प्रत्येक वेळी हलक्या पावलांनी परत येई. एकदा तर शिपायाने "तुझा अर्ज सापडत नाही" म्हटलं, तेव्हा पुंजाने बागेतली चार लिंबं त्याच्या हातावर ठेवली.

"अरे, शोधून द्यायला देतोस का?" शिपायाने विचारलं.

"नाही. असंच," पुंजा म्हणाला.

चैत्रातले दिवस असे निघून गेले. गावाला मात्र विषय मिळाला. बाजारात कुणी भेटला की विचारी, "काय पुंजादादा, मैनेचं विलीनीकरण कुठवर आलं?" पुंजा म्हणे, "वर गेलंय."

कार्तिकात मैना पुन्हा माजावर आली. दारात गावातले सहा-सात कुत्रे ठाण मांडून बसले. पुंजा मैनेला आत कोंडून उंबऱ्यात काठी घेऊन बसू लागला. जाणारे-येणारे म्हणत, "स्थळं चांगली आलीत, पण मुलीचा बाप कडक आहे."

त्याच सुमाराला कचेरीत नवा मामलेदार आला. त्याला एक वाईट खोड होती. टेबलावर कागद पडलेला त्याला बघवत नसे. पंधरा दिवसांत त्याने सारा ढीग उपसला, आणि एके दिवशी शिपाई बागेत येऊन म्हणाला, "पुंजा, उद्या अकरा वाजता. तुझा अर्ज सापडला."

"कुणी शोधला?" पुंजाने घाबरून विचारलं.

धोंडीबाईला हे पुंजाच्या आधी कळलं होतं. तिने त्याच दिवशीच्या मोटारीने मोखाड्याला निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी पुंजा कचेरीत पोचला तर ओसरीवर धोंडीबाई पान लावत बसलेली, शेजारी पांढऱ्या मिशांचे जिवाभाऊ, आणि खांबाला बांधलेला त्यांचा शेरू. हुबेहूब मैनेसारखा, पण कानांत गवत अडकलेलं.

"हुकूम झाला की लगेच जाऊ," धोंडीबाई म्हणाली. "माणसं मोटारीत हाडं खिळखिळी करून आलीत, पावणं."

पुंजाच्या धोतराला मैनेचा वास होता. शेरूने मान वर केली आणि तो रडू लागला. साधासुधा नाही, गळा काढून.

आत मामलेदाराने अर्ज वाचला. पुन्हा वाचला. अर्जासोबतचा मैनेचा कागद उलटा करून शिक्का पाहिला. बाहेरून शेरूचा सूर आला.

"हे कोण ओरडतंय?"

"साहेब," शिपाई म्हणाला, "नवरदेव."

मामलेदाराने ओठ घट्ट मिटले. मग इंग्रजी बाजू वाचली. "ही बेचाळीस सालची आहे. म्हणजे सात वर्षांची. एकदाही पिल्लं झाली नाहीत?"

"नाही साहेब."

"अशी पहिलीच वेळ, आणि या वयात? जरा जास्तच झालं की." त्याने पुंजाकडे पाहिलं. "तुझ्या मनात काय आहे?"

पुंजा टेबलाच्या पायाकडे बघत राहिला. "साहेब, सरकारने सांगावं."

मामलेदाराने लेखणी बुडवली आणि दोन ओळी लिहिल्या. मग स्वतःच वाचून दाखवल्या. "सदर बाब या कचेरीच्या अधिकारातील नाही. अर्जदाराने स्वतः ठरवावे."

"स्वतः?"

"स्वतः."

सहा महिने ज्याची वाट पाहायला पुंजाला बरं वाटत होतं ते असं एका घडीत संपलं. तो बाहेर आला. पायऱ्या चारच होत्या. पहिलीवर त्याला वाटलं, सांगावं की साहेबांनी वय जास्त झालं म्हणून मनाई केली. कोण जाऊन विचारणार? धोंडीबाईसुद्धा मामलेदारापुढे गप्प बसली असती. दुसऱ्या पायरीवर ते वाक्य त्याच्या जिभेवर तयार होतं. पण कागदावर तसं लिहिलेलं नव्हतं, आणि भिका तर तिथेच बसला होता. शिवाय काशीच्या बहिणीला काशीच्याच कागदावरून खोटं सांगायचं त्याला जमेना.

"काय म्हणाले?" धोंडीबाईने विचारलं.

"म्हणाले, तूच ठरव."

"मग?"

"मग मी नाही म्हणतो, अक्का."

भिकाची लेखणी थांबली.

"का?"

"मला भीती वाटते." पुंजाचा आवाज एवढासा निघाला. "तिला काही झालं तर... काशीच्या हातचं घरात दुसरं कुणी नाही. सकाळी ती वहाण आणते ना, तेवढं मला रोज हवंय. पिल्लू नको. कुणाचा शब्द मोडला तरी चालेल."

धोंडीबाईने पान तोंडात घालायचं ठेवून तसंच हातात धरलं. तिच्या डोळ्यांत काही आलं असेल, पण तिने ते तंबाखूवर घातलं. नाक ओढून ती म्हणाली, "झोंबली मेली तंबाखू." मग म्हणाली, "एवढं सांगायला तुम्हाला सरकार लागलं? चैत्रात मला सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही हसला असतात."

"हसले असतेच. हसून झाल्यावर ऐकलं नसतं का?" मग तिने विचारलं, "किती वर्षांची आहे ती?"

"सात. आत साहेबांनी वाचलं."

"सात!" आता मात्र तिचा आवाज चढला. "आणि पहिलटकरीण? अहो, मी सुईण आहे का कोण आहे! सात म्हणजे तिची चाळिशी उलटली. हे आधी बोलला असता तर मी जिवाभाऊंना मोटारीत घातलं असतं का? आणि आत्ता बाहेर आल्या आल्या हे कारण का नाही सांगितलं?"

"ते कारण नव्हतं," पुंजा म्हणाला. "कारण मी सांगितलं तेच आहे."

यावर धोंडीबाईने हातातलं पान एकदाचं तोंडात घातलं.

जिवाभाऊंनी शेरूच्या कानातलं गवत काढलं. "आमचं काही नाही," ते म्हणाले. "याची हवापालट झाली. पण दुपारच्या मोटारीपर्यंत जेवायचं कुठे?"

"व्याह्यांच्या घरी," भिका म्हणाला.

"तिथे नको," पुंजा आणि धोंडीबाई एकदम म्हणाले.

जिवाभाऊ धोंडीबाईकडे नागलीची भाकरी आणि उडदाचं पिठलं जेवले. शेरूला परसात बांधलं होतं, तो जेवला नाही. मोटार निघाली तेव्हा मागच्या बाकावरून त्याचा आवाज वळणापर्यंत ऐकू येत होता.

संध्याकाळी धोंडीबाई पुंजाच्या दारात आली. वाटेतल्या कुत्र्यांना तिने पदर खोचून हाकललं आणि उंबऱ्यावर बसली. मैना येऊन तिच्या मांडीवर हनुवटी ठेवून पडली.

"पिल्लू नाही तर नाही," ती म्हणाली. "पण काशीने दिलेला शब्द मी सोडत नाही. बाजाराच्या दिवशी ही माझ्याकडे राहील. दिवसभर. तुम्ही संध्याकाळी न्यायला यायचं, आणि जेवून जायचं. एकटे भात करपवता, वास माझ्या घरापर्यंत येतो."

"बरं," पुंजा म्हणाला.

"यालाही अर्ज करणार का?"

"नाही. हे मी ठरवलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मैनेने वहाण आणली. पुंजा ती घालून दुसरी घ्यायला लंगडत गेला, आणि बागेत जायच्या आधी कचेरीत डोकावला. मामलेदार नुकताच येऊन बसला होता.

"साहेब, ठरवलं."

"काय ठरवलंस?"

"नाही."

"बरं केलंस. पण हे मला कळवायची गरज नव्हती."

"कागदावर होतं ना, साहेब. अर्जदाराने ठरवावे," पुंजा म्हणाला. "म्हणून कळवलं." आणि नमस्कार करून तो झाडांना पाणी घालायला गेला.