गाडीची चाकं

आमच्याकडे पाहुण्याच्या गाडीची चाकं काढतात. पाहुणा "निघतो" म्हणाला, की यजमान गड्याला डोळा मारतो आणि चाकं गवताच्या गंजीत जातात. मग पाहुण्यानं गयावया करायची, घरी कुणीतरी मरायला टेकल्याच्या थापा मारायच्या, आणि यजमानानं ऐकायचं नाही. गयावया जितकी जास्त, तितकी घराची शोभा. माझा नवरा हयात होता तेव्हा आमच्या गंजीत गवत कमी आणि चाकंच जास्त असायची.

शेजारच्या राजांनी पोलंडचा पहिला लचका तोडला, त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. पानगळ सुरू झाली होती. तेओडोराच्या सासरहून स्वार आला: कळा वेळेआधीच लागल्यात, बाईसाहेब सारख्या तुम्हालाच हाक मारतायत. एकुलती लेक, पहिलंच बाळंतपण. मी तशीच निघाले.

वाटेत ओनुफ्रीभाऊंचं घर. माझ्या यजमानांचे जुने दोस्त. दारावरून न थांबता गेले असते तर तीन पिढ्या बोलणं तुटलं असतं. शिवाय घोडे दमले होते. म्हटलं, त्यांना पाणी दाखवू आणि उभ्या उभ्या निघू.

ओनुफ्रीभाऊ धावतच पायऱ्या उतरले. मुलं वॉर्सात; ईस्टरपासून घरात माणूस फिरकलं नव्हतं.

"वहिनी! देव पावला! पेत्रोनेला, बदक काप!"

"बदक नको, भाऊ. तेओडोराला कळा लागल्यात. मी निघते."

"ऐकलंस का गं? निघते म्हणे!"

त्यांची बायको पेत्रोनेला माझा कोट ओढून काढत म्हणाली, "गेल्या खेपेला तुमच्या यजमानांची मावशी मरत होती. परवाच चर्चमध्ये दिसली, चांगली गुटगुटीत आहे!"

खिडकीतून पाहिलं. माझी गाडी ओंडक्यांवर बसली होती, पिसं उपटलेल्या कोंबडीसारखी. स्वयंपाकघरातून आमच्या गाडीवानाचं, वालेंतीचं, गाणं येत होतं. त्याला पाजणं हाही रिवाजच.

"भाऊ, ही थाप नाही. घोडा तरी द्या."

"पहिलटकरणीला वेळ लागतो, वहिनी. उद्या मी स्वतः पोचवतो. बाळाच्या नावानं वाइनचं पिंप फोडू!"

मी गुडघ्यांवर बसले. तर तेही माझ्यासमोर गुडघ्यांवर बसले, हात जोडून. डोळ्यांत पाणी.

"एकच दिवस हो. घर खायला उठतं."

पेत्रोनेला टाळ्या वाजवून हसली. "वा, वहिनी! तुमच्या यजमानांच्याही वरताण केलीत!"

आम्ही दोघं जमिनीवर, एकमेकांकडे भीक मागत. मी रडले, ओरडले, मेरीमातेची शपथ घातली. पण शपथा आम्ही सगळेच घालत आलो होतो. खऱ्यासाठी वेगळा शब्द कुणी राखूनच ठेवला नव्हता.

सकाळी चाकं बसली. पायाशी भाजलेल्या बदकाची टोपली ठेवली गेली.

तेओडोराच्या घरी आरशांवर कापड टाकलेलं होतं, कुणी गेलं की टाकतात तसं. बाळ तिच्या कुशीतच ठेवलं होतं, तेही गेलेलं. सुईण म्हणाली, "वाऱ्यानं दार वाजलं तरी विचारायची, आईची गाडी आली का?"

दफनानंतर काही दिवसांनी ओनुफ्रीभाऊ समाचाराला आले. एकटेच. टोपी मांडीवर घेऊन बसले. समोरचा केक तसाच राहिला.

"वहिनी, एकदा ओरडायचं तरी होतं."

"ओरडले होते, भाऊ."

त्यांनी मांडीवरची टोपी उचलली. मग उठले. "निघतो."

अंगणातून वालेंतीनं माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांची सवय. मी डोळा मारीन म्हणून तो वाट पाहत होता. ओनुफ्रीभाऊ कोटाची बटणं लावत होते. एक लावलेलं त्यांनी सोडलं, परत लावलं.

मी माझ्या हातांकडे बघत राहिले.

ते पायरीवर गेले आणि थांबले. गाडीची चारही चाकं जागच्या जागी होती.