सोमनाथचा सल्ला

सोमनाथ डॉक्टर नव्हता. नाशिकच्या हॉस्पिटलांना कृत्रिम सांधे पुरवणाऱ्या एका कंपनीत तो विक्री प्रतिनिधी होता. पण ऑपरेशनच्या वेळी अवजारांचे ट्रे घेऊन तो आत असायचा, हिरव्या कपड्यांतच बाहेर यायचा, आणि नातेवाईक त्यालाही डॉक्टर म्हणायचे. तो कुणाचीच चूक दुरुस्त करत नसे.

वणीच्या गोजराबाई पडल्या, तेव्हा डॉक्टर देवऱ्यांनी त्यांना टायटॅनियमचा खुबा बसवला. तिसऱ्या दिवशी सोमनाथ वॉर्डात गेला, तर त्यांनी विचारलं, "डॉक्टर, वॉकर कधी सोडू? मळ्यात झेंडू तोडणीला आलाय."

देवऱ्यांनी अडीच महिने सांगितले होते. ते सोमनाथला ठाऊक होतं. पण त्या धातूबद्दल बोलायला त्याला फार आवडायचं. त्याने मोबाइलवर फोटो दाखवला. धातूच्या अंगावर मधाच्या पोळ्यासारखी गच्च छिद्रं, एकेक छिद्र केसाहून हजारपट बारीक. अशा जागी हाडाच्या पेशी लवकर चिकटतात, असं त्याने समजावलं. तेवढं खरंच होतं. "तीन आठवड्यांत बिनधास्त चाला, आजी," हे मात्र त्याने मनाचं जोडलं.

पाचव्या आठवड्यात गोजराबाईंना परत आणलं. वॉकर सोडून त्या चार दिवस झेंडू तोडत होत्या. हाडाने नीट धरायच्या आतच पूर्ण भार पडल्याने खुब्याचा दांडा मांडीच्या हाडात खाली सरकला होता. पुन्हा ऑपरेशन करावं लागणार होतं. देवरे सगळ्यांसमोर त्यांच्यावर रागावले. सून मनीषाही बोलली. सोमनाथ खाटेच्या पायथ्याशी उभा होता. गोजराबाईंनी एकदाच त्याच्याकडे पाहिलं आणि देवऱ्यांना म्हणाल्या, "माझंच चुकलं."

दुसऱ्या ऑपरेशनला लांब दांड्याच्या खुब्याचा ट्रे सोमनाथनेच आणला. पुन्हा उघडलेली ती मांडी त्याने जवळून पाहिली.

पंधरा दिवसांनी तो वणीला गेला. गोजराबाई ओट्यावर खुर्चीत बसल्या होत्या. मनीषाने चहा दिला. तो कप तसाच हातात धरून बसला. मग मान खाली घालून त्याने विचारलं, की त्यांनी त्याचं नाव का नाही घेतलं.

"तुमची नोकरी गेली असती," त्या म्हणाल्या. "आन् मलाबी लवकर मळ्यात जायचं व्हतं. तुम्ही तेच बोलले, मंग मला ते गोड लागलं."

त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. दारात उभी असलेली मनीषा हे पहिल्यांदाच ऐकत होती. त्याच्याकडे न बघता ती आत निघून गेली.

तिथून तो सरळ देवऱ्यांच्या ओपीडीत गेला आणि सगळं सांगून टाकलं. देवऱ्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"मी त्या बाईला वॉर्डभर लोकांसमोर बोललो, सोमनाथ. आणि तू तिथेच उभा होतास."

"हो, सर."

देवऱ्यांनी त्याला ऑपरेशन थिएटर कायमचं बंद केलं आणि कंपनीला तसं कळवलं. मग त्याच्यासमोरच मनीषाच्या मोबाइलवर फोन लावून गोजराबाईंना द्यायला सांगितलं. वयाने तीस वर्षांनी मोठ्या असलेल्या त्या बाईची त्यांनी माफी मागितली. सोमनाथला बस म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. फोन संपेपर्यंत तो उभाच राहिला.