सामियारच्या त्रिकोणातलं भोक

सात्तप्पनच्या फरशी कारखान्याच्या अंगणात त्या शुक्रवारी पाय ठेवायला जागा नव्हती. फरश्या मुरवायच्या हौदाच्या कठड्यावर बायका, रेतीच्या ढिगावर पुरुष आणि कुंपणाच्या भिंतीवर शाळेचा नववीचा अख्खा वर्ग. मधल्या सारवलेल्या जागेत मुक्कोण सामियार मांडी घालून बसला होता. सामियार म्हणजे बुवा, मुक्कोणम म्हणजे त्रिकोण. त्याच्या सगळ्या चमत्कारांचं भांडवल तेवढंच होतं.

त्याच्यापुढे चौकटी कोरलेल्या चार फरश्या होत्या: एक मोठा लाल त्रिकोण, एक लहान हिरवा त्रिकोण आणि पायरीसारखे कापलेले दोन तुकडे, एक पिवळा, एक काळा. चारही जोडले की एक लांबलचक काटकोन त्रिकोण व्हायचा. त्याच्या तिरप्या कडेवरून सामियार विभूतीची जाड रेघ ओढायचा.

त्याने आधी कारखान्याच्या मुनीमाचं नाव घेऊन तुकडे मांडले. त्रिकोण पुरता भरला. मग कामगार पोन्नळगीचं नाव घेऊन तेच चार तुकडे जागा बदलून मांडले. लांबी तेवढीच, उंची तेवढीच, आणि तळाशी एक स्वच्छ चौकोनी भोक.

बायकांनी तोंडाला पदर लावले.

"मी कण काढला नाही, कण घातला नाही," सामियार म्हणाला. "मग चौकटीचं एक घर गेलं कुठे? पापाने खाल्लं. आणि जिच्या पापाने खाल्लं, तिनेच सात्तप्पन अय्यांच्या नातवावर करणी केलीय."

तो नातू, दीड वर्षाचा, आतल्या खोलीत कडुनिंबाच्या पाल्यावर निजवलेला होता. त्याच्या श्वासाची घरघर बाहेर ऐकू येत होती. सरकारी दवाखाना बसने अर्ध्या तासावर, पण सुई टोचली की करणी रक्तात कायमची बसते असं सामियारने बजावलं होतं, आणि सात्तप्पनच्या बायकोने मोटारीची किल्ली कमरेला खोचून ठेवली होती.

मी याच कारखान्यात रंग आणि सिमेंट तपासतो. पोन्नळगी काचेवरच्या साच्यात रंग ओतायची. ओतायची पळी हातात धरून मनगटाच्या एका झोक्यात ती अशी पाकळी काढायची की मालक गिऱ्हाइकांना मुद्दाम तिच्या पाटाशी उभं करायचा. तिचा उजवा हात हेच तिचं सगळं. सामियार पहिल्यांदा आला तेव्हा बाकीचे त्याच्या पायांवर पडले, ही साच्यापाशीच बसून राहिली, कारण ओतलेला रंग कोणासाठी थांबत नाही. सामियारने तिला तेव्हाच हेरलं असणार.

आमच्याकडे कापूर पेटवून शपथ घेतात, तो ताटात. सामियारने ताट बाजूला सारलं आणि भोक बुजेपर्यंत वड्या तिच्या उजव्या तळव्यावर जळतील असं सांगितलं. भोक बुजवणं कोणाच्या हातात होतं, हे कोणी विचारलं नाही. दोघांनी तिचं मनगट धरलं. पहिली वडी जळून संपली तरी ती ओरडली नाही. बायकांनी तेही तिच्याच विरुद्ध धरलं. साधी बाई असती तर तिला दुखलं असतं, म्हणे.

दुसरी वडी काढली तेव्हा शेनबगम टीचर आपला पळालेला वर्ग शोधत फाटकातून आत आल्या. त्यांनी तो हात पाहिला आणि गर्दी सारत सरळ पुढे गेल्या.

"सामी, मुनीमांच्या नावाचा त्रिकोण आणि हा त्रिकोण, दोन्ही सारखे?"

"तंतोतंत, अम्मा. हवं तर मोजा. देवाच्या घरी दोन मापं नसतात."

टीचर भिंतीकडे वळल्या. "दोन बाजू सारख्या, मधला कोन सारखा. मग ते त्रिकोण कसले?"

"एकरूप, टीचर," वर्गाने सवयीने सूर लावला.

"एकरूप त्रिकोणांपैकी एक भरलेला आणि एकात भोक, तेही त्याच तुकड्यांनी. होईल असं?"

वर्गातल्या आवडैने मान हलवली. नाही.

"नाही ना? म्हणजे यातला एक तरी त्रिकोण नाहीच."

सामियार हसला. पुस्तकातला त्रिकोण वेगळा आणि शक्तीचा वेगळा, असं त्याने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. रेतीवरचे पुरुषही हसले. एकाने टीचरना भाकड गणित शाळेत ठेवायला सुचवलं.

टीचरनी फरशी बसवणाऱ्या वेलायुधमकडून त्याची दोरी मागून घेतली. पदराने विभूतीची रेघ पुसली आणि दोरीचं एक टोक माझ्या हातात दिलं. टोकाला टोक ताणून धरल्यावर दिसलं की भोकवाल्या आकृतीची तिरपी कड मध्येच दोरीबाहेर आली आहे. मग त्यांनी तुकडे मुनीमाच्या वेळेसारखे लावले. आता कड दोरीच्या आत गेली होती आणि मध्ये फट होती, तांदळाचा दाणा आडवा मावेल एवढी.

"एवढं सांध्यात सुटतंच, टीचर," वेलायुधम म्हणाला, आणि सगळ्या अंगणाने मान डोलावली. सामियारने गाव बरोबर निवडलं होतं. फटीत पांढरं सिमेंट भरून ती विसरायची, यावरच आमची चूल पेटते. फट दिसली तरी न बघायची सवय आमच्या डोळ्यांना जन्मापासून आहे.

"सांधा दोन फरश्यांच्या मध्ये असतो, अण्णा. ही बाहेरची कड आहे. बाहेर कसला सांधा?"

वेलायुधमने वाकून पुन्हा पाहिलं आणि तो बाजूला झाला.

टीचरनी हिरवा त्रिकोण उचलून लालवर ठेवला, टोकावर टोक, तळावर तळ. हिरव्याची तिरपी कड लालच्या वर निघाली. लाल आठ घरं पुढे जातो तेव्हा तीन चढतो, हिरवा पाच जातो तेव्हा दोन, त्यांनी चौकटींवर बोट ठेवून दाखवलं. दोघांचे कोन सारखे नाहीत. म्हणून त्यांच्या कडा एका रेषेत येतच नाहीत. एका मांडणीत आत वाकतात, दुसरीत बाहेर. आत वाकतात तेव्हा अर्धं घर कमी, बाहेर येतात तेव्हा अर्धं घर जास्त. अर्धं आणि अर्धं मिळून हे भोक. विभूती पापासाठी नव्हती, वाकडी कड झाकायला होती.

"आता सामींच्याच नावाने मांडते," त्या म्हणाल्या आणि मांडलं. भोक पडलं.

सामियार दोरी विटाळलेली असल्याचं काहीतरी पुटपुटला. टीचर सांगत होत्या की पोलिसांना बोलवा आणि पोराला दवाखान्यात न्या, आणि दुसरं आधी करा. सात्तप्पनने बायकोच्या कमरेची किल्ली ओढून घेतली. बाकीच्यांनी तिसरंच काही केलं. ज्या दोघांनी पोन्नळगीचं मनगट धरलं होतं, त्यांनीच सामियारचं धरलं आणि उरलेली वडी पेटवली. ज्योत टेकताच तो गुरासारखा ओरडला. टीचरनी लाथेने वडी उडवली, पण तोवर अंगण मनसोक्त हसून झालं होतं.

नातवाला न्यूमोनिया होता. ऑक्सिजन आणि इंजेक्शनं मिळाली, तो वाचला. आणि हौदाच्या कठड्यावर पुन्हा कुजबुज सुरू झाली: त्रिकोण लबाडीचा असेल, पण तिचा हात भाजला आणि इकडे ताप उतरला, हे तर खरं ना? सात्तप्पनच्या बायकोने पोन्नळगीला नवी साडी पाठवली, आणि बाळाकडे पुन्हा बघू नकोस असा निरोपही.

तिच्या तळव्याची कातडी आखडली आहे. बोटं मिटत नाहीत, पळी हातात ठरत नाही. एकदा तिने टीचरना विचारलं, "भोक कुठून आलं, ते सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं ना? मग आता त्यांना आणखी काय दाखवायचं?"

त्याचं उत्तर मी माझ्यापुरतं लिहून ठेवतो. तिच्याविरुद्ध एकच पुरावा होता, ते भोक. तो खोटा निघाला, म्हणजे तिच्याविरुद्ध काहीच उरलं नाही. ताप औषधाने उतरला. खात्री नसेल तर दवाखान्यात जाऊन विचारा, तिथे कोणाचा हात जाळत नाहीत. तुमच्या गावात चमत्कार आला तर आधी दोरी लावून बघा. आणि दोरीने जे दाखवलं, ते घरी गेल्यावरही खरं माना. तेवढं जमत नसेल, तर पुढची वडी कोणाच्या तळव्यावर ठेवायची, एवढंच ठरायचं बाकी आहे.