मीराबाईची ओळ

खोटं बोलायला दिव्यानीला एकच शब्द पुरला. "हो."

तोंडी परीक्षा सरली होती. फाइल मिटता मिटता खोब्रागडे मॅडमनी सहज विचारलं, "हे रुग्णाचं टिपण रुखमाबाईंना वाचून दाखवलंत ना? सही त्यानंतरच घेतलीत?" मानसिक आरोग्याच्या त्या पदव्युत्तर वर्गात मॅडमचा एकच हट्ट होता. ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला ते त्याच्या बोलीत ऐकवायचं, मगच सही घ्यायची. न ऐकवलेला कागद म्हणजे चोरलेला माणूस, असं त्या म्हणत. दिव्यानी हो म्हणाली, मॅडमनी मान हलवली. वर्गात ती पहिली आली. नऊ वर्षं सरकारी दवाखान्यात इंजेक्शनं दिलेल्या बाईचं नाव फळ्यावर लागलं, मैत्रिणींनी पेढे वाटले. दिव्यानीने आपला पेढा पर्समध्ये टाकला. 

सही तिने घेतली होती, पण घाईत. गेल्या आषाढात, बस धरायची म्हणून. "मावशी, इथं नाव काढ," एवढं म्हणून.

रविवारी ती चंद्रपूरहून निघाली. ब्रह्मपुरीला उतरून जीपने गावात पोचली तेव्हा गल्लीत माणूस नव्हतं. रोवणीचे, भातलावणीचे दिवस. अख्खं गाव भाताच्या बांधीत, गुडघाभर चिखलात वाकलेलं. आणि रुखमाबाई घरी, ओसरीवर, रिकाम्या हातांनी बसलेली. हात मांडीवर होते आणि ते थरथरत होते.

"आली का वं? बस. पानी आनतो."

"नको मावशी. तुला एक वाचून दाखवायचं होतं."

"दाखव. मले का काम हाये आता."

दिव्यानीने फाइल उघडली. जे वाक्य परीक्षेत खणखणीत वाटलं होतं, ते ओसरीवर पुटपुटल्यासारखं निघालं. "वय अठ्ठावन्न. शेतात काम करताना गाते. गाता गाता मध्येच थांबते, मान कलती करून न दिसणाऱ्या कोणाचं तरी ऐकते. ऐकून हसते. आवाज रोज येतो, असं स्वतः सांगते."

रुखमाबाईने सगळं ऐकलं. शेजारची कोंबडी ओसरीवर चढली, तिला हाकललं, मग म्हणाली, "बराबर लिव्हलं. खोटं काई नाई. पन आवाज कोनाचा, ते नाई लिव्हलं."

"मी विचारलंच नाही."

"काऊन?"

"कागदावर तेवढंच होतं, मावशी. आवाज येतो, का येत नाही. मी 'येतो'वर खूण केली आणि पुढच्या प्रश्नावर गेले."

"तुह्या मायचा येते वं," रुखमाबाई म्हणाली. जसं कोणी भाजीत मीठ किती ते सांगावं.

दिव्यानीची आई, मीराबाई, तीन वर्षांपूर्वी गेली. पाचवीतच तिने लेकीला ब्रह्मपुरीच्या वसतिगृहात ठेवलं होतं. लेक दिवाळीत यायची, उन्हाळ्यात यायची. रोवणीच्या चिखलात ती कधी उतरली नव्हती.

"रोवणीतलं गानं दोघीचं राह्यते," रुखमाबाई सांगू लागली. "एक ओळ मी टाकाची, दुसरी तिनं उचलाची. तीस वर्सं. आता ते नाई, तं तिची जागा मोकळी सोडतो मी. तिच्या जागी कोनी घुसाचं नाई. तेवढ्या येळात तिनं का म्हटलं असतं ते मनात येते. मंग हासू येते. तुही माय लय चावट होती ना."

दिव्यानीला वर पाहवेना. आपल्याच आईसाठी राखलेल्या जागेला तिने लक्षण म्हटलं होतं, खाली रेघ ओढून. त्या रेघेवरून गावातल्या आरोग्य कॅम्पातल्या डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या होत्या. गावची आशाताई त्या महिन्याच्या महिन्याला घरपोच देत होती.

"गोळी खाल्ली का गुंगी येते, हात कापते. माही रांग मांगं पडते. रोवणीची टोळीवाली सोमारी म्हने, रुखमे, औंदा घरीच राह्य."

"उद्या मी तुला डॉक्टरांकडे नेते. गोळ्यांचं मी सांगते त्यांना सगळं. आपल्या मनाने एकदम सोडू नको फक्त. आणि हा कागद..." दिव्यानीने पानं दोन्ही हातांत धरली.

"फाडू नको. मले वाचून का होते? मले तं माहीतच होतं. तिकडं वाच, बांधीत."

"सगळ्यांपुढं?"

"गोळ्या सगळ्याईपुढंच आल्या ना वं."

बांधीवर बाराजणी ओळीने वाकल्या होत्या. दिव्यानीला धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पाहून सोमारी कंबरेवर हात देत सरळ झाली. "या नर्सबाई. आज कोनाचा नंबर? आमच्या कंबरा येड्या झाल्या, त्याईले गोळी आनली का?"

बाया हसल्या. दिव्यानीने कागद काढला तशा गप्प झाल्या. तिने वाचलं. 'ऐकून हसते' हे तिने दोनदा वाचलं. कागद संपला तरी ती थांबली नाही. "तो आवाज माह्या मायचा हाये. मी इचारलं नाई. रुखमा मावशी बिमार नव्हती. चूक माही."

 पाण्यात एक बेडूक उडी मारून गेला.

मग सोमारी हातातल्या पऱ्ह्यांकडे, भाताच्या रोपांकडे, पाहत म्हणाली, "आमाले तं माहीत होतं, बाई. त्या दोघीचं गानं आमीच ऐकत होतो. पन मोठ्या शाळेचा कागद आला. आमी म्हटलं, मीराच्या लेकीनंच लिव्हलं, तं खरंच असन." तिने ओळीत सरकून हातभर जागा केली. "ये वं रुखमे. मांगं पडली तं पड."

रुखमाबाईने लुगडं खोचलं आणि पाण्यात उतरली. पऱ्ह्यांची पेंडी थरथरत्या हातातून दोनदा सुटली. सोमारीने ती तिच्या डाव्या कोपरात नीट बसवून दिली.

दिव्यानीने मॅडमना फोन लावला. "मॅडम, मी खोटं बोलले. वाचून दाखवलं नव्हतं. आज दाखवलं. माझे गुण काढून घ्या."

 पलीकडून मॅडम म्हणाल्या, "गुणांचं सोमवारी बघू. रुखमाबाई काय म्हणाल्या?"

तेवढ्यात चिखलातून रुखमाबाईची ओळ उठली, घोगरी, धाप लागलेली:

"धुऱ्यावर उभी वं, कोनाची ती लेक?"

आणि ओळ थांबली. बारा बायांचे हात चालू राहिले, पण मधली जागा कोणी भरली नाही. रुखमाबाईने मान कलती केली. दिव्यानीने फोन कानापासून दूर धरला. आईने काय म्हटलं असतं, हे तिला कळेना. चाल येत नव्हती, शब्द येत नव्हते. आईच्या अर्ध्या आयुष्यातलं काहीच तिला येत नव्हतं. रुखमाबाई हसली.

या खेपेला दिव्यानीने विचारलं. "मावशी, का म्हने माय?"

रुखमाबाईने वर न पाहता ओळ उचलली:

"पायामंदी चप्पल वं, माही नसन लेक."

अख्खी रांग हसली. सोमारीचं तर रोवणंच थांबलं. त्या बांधीवर रोवणीत कोणी चप्पल घालून उभं राहत नाही, हे गावच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. दिव्यानीचे कान तापले. फोन तसाच चालू ठेवून ती खाली वाकली आणि चपलेच्या पट्ट्याचं बक्कल सोडू लागली.